पुतण्याच्या वहीतली नावे

पत्र

माझा पुतण्या १४ वर्षांचा आहे. तो तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे धाकटे दीरही गेले. त्यानंतर तो काही महिने आजोळी, मग मुंबईला आत्याकडे राहिला आणि गेल्या वर्षीच्या जूनपासून आमच्याकडे, कुडाळजवळच्या गावी आहे. मुलगा गुणी आहे. कधी त्रास देत नाही, काही मागत नाही, वाढू ते खातो आणि स्वतःचे ताट स्वतः घासतो. परंतु रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर 'नात्सुमे' नावाची एक जपानी कार्टून मालिका पाहत बसतो, आणि तीच मालिका आता तिसऱ्यांदा चालली आहे. शेजारच्या मुलीने सांगितले की ती भुते दिसणाऱ्या एका अनाथ मुलाची गोष्ट आहे. मागच्या आठवड्यात त्याची गादी उन्हात टाकताना खाली हिरव्या पुठ्ठ्याची एक वही मिळाली. तिच्या प्रत्येक पानावर वेगळे एकेक नाव आहे. काही नावे वाकड्यातिकड्या खुणांत आहेत, ती वाचता येत नाहीत. एका पानावर त्याच्या वडिलांचे नाव आहे आणि शेवटून दुसऱ्या पानावर माझे. माझ्या तर काळजाचे पाणी झाले. नणंद म्हणते, मुलाला बाहेरचे काहीतरी लागले आहे, देवरुष्याकडे न्या. यजमान म्हणतात, मोबाइल काढून घेऊ. पोराला वाईट वाटेल म्हणून ते भावाचा विषय घरात काढू देत नाहीत. पडवीत भावाची गळाची काठी टांगलेली आहे, तिला कोणी हात लावलेला त्यांना चालत नाही. मी मालिका बंद करू का? आणि त्या वहीचे काय करू?
— एक काकू

उत्तर

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी लिहिते आणि कारणे मागाहून सांगते, कारण कारणे सांगायला बराच वेळ लागणार आहे आणि तोवर तुमच्या जिवाला घोर राहायला नको. मालिका बंद करू नका. वही जिथे मिळाली तिथेच परत ठेवा, आणि ती तुमच्या हाती लागली होती हे त्याला त्याच दिवशी सांगा. देवरुष्याकडे त्याला मुळीच नेऊ नका. आपल्याला काहीतरी लागले आहे असे घरातल्या मोठ्यांना वाटते, हे ज्या मुलाला एकदा कळले, तो त्यानंतर मनातली गोष्ट कोणापाशी काढणार नाही, आणि तुमचा पुतण्या आधीच फार कमी बोलतो.

वहीत करणीचे किंवा जारणमारणाचे काहीही नाही. ती वही त्याच मालिकेतून आली आहे. मालिकेचे पूर्ण नाव 'नात्सुमे युजिनचो' असे आहे. युजिन म्हणजे मित्र आणि चो म्हणजे वही, म्हणजे मराठीत 'नात्सुमेची मित्रवही' असे म्हणता येईल. मालिकेतली वहीसुद्धा हिरव्या पुठ्ठ्याचीच आहे आणि तिच्या पानांवरची नावेही आपल्याला वाचता येणार नाहीत अशाच खुणांत लिहिलेली आहेत. युकी मिदोरिकावा या चित्रकथालेखिकेने २००५ पासून ही कथा जपानच्या 'लाला' या मासिकाच्या परिवारात क्रमशः लिहायला आणि रेखाटायला घेतली, तिचे तीसहून अधिक खंड झाले आहेत आणि ती अजून संपलेली नाही. अशा चित्रकथेला जपानी लोक मांगा म्हणतात आणि तिच्यावरून केलेल्या चलतचित्रांच्या मालिकेला अ‍ॅनिमे. ताकाहिरो ओमोरी यांच्या दिग्दर्शनाखाली जुलै २००८ मध्ये अ‍ॅनिमेचे पहिले पर्व आले आणि सातवे पर्व ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. मधल्या काळात, २०१८ साली, एक चित्रपटही निघाला. मी ही मालिका पहिल्या भागापासून पाहिलेली आहे, काही भाग तर अनेकदा, त्यामुळे तुम्हाला जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

गोष्ट अशी आहे. ताकाशी नात्सुमे हा शाळकरी मुलगा. त्याची आई त्याच्या जन्मानंतर लवकरच वारली आणि वडील तो लहान असतानाच गेले. तेव्हापासून तो एका नातेवाइकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी फिरत राहिला. त्याला लहानपणापासून योकाई, म्हणजे जपानी लोककथांतले अद्भुत जीव, दिसतात, जे आजूबाजूच्या कोणालाच दिसत नाहीत, आणि समोर उभे आहे ते माणूस की योकाई हे त्या वयात त्याला ओळखता येत नसे. त्यामुळे तो रिकाम्या अंगणाकडे पाहून दचकायचा, ओरडायचा, पळत सुटायचा, आणि लोक म्हणायचे की हे पोर लक्ष वेधून घेण्यासाठी खोटे बोलते. प्रत्येक घरात हेच झाले. अखेरीस वडिलांकडच्या दूरच्या नात्यातले शिगेरू आणि तोको फुजिवारा हे मध्यमवयीन, मूलबाळ नसलेले जोडपे त्याला आपल्या गावच्या घरी राहायला आणते. मालिका तिथून सुरू होते. एवढे वाचूनच तुमच्या ध्यानात आले असेल की तुमच्या पुतण्याने तीनतीनदा पाहण्यासाठी हीच मालिका का निवडली.

या घरी आल्यावर नात्सुमेला आईच्या आईची, रेइकोची, एक वही मिळते. रेइकोलाही योकाई दिसत असत आणि त्यापायी तिला माणसांत कोणी जवळ केले नव्हते. एकाकी पडलेली ही मुलगी रानावनात योकाईंना पैजेला बोलवायची, त्यांना हरवायची आणि हरलेल्याचे नाव कागदावर लिहून घ्यायची. त्या कागदांची बांधलेली वही म्हणजे युजिनचो. जिच्या हाती नाव, तिचा त्या योकाईवर हुकूम. पान फाटले किंवा जळले तर त्या योकाईच्याही जिवावर बेतते. एवढी ताकद असलेली वही आयती हातात आलेली असताना नात्सुमे ठरवतो की ज्याचे नाव त्याला परत द्यायचे. सगळी कथा या एका निर्णयावर उभी आहे, आणि मला वाटते की तुमच्या घरातल्या वहीकडे पाहतानाही तुम्ही तो लक्षात ठेवावा.

नाव परत देण्याचे दृश्य जवळजवळ ठरलेले असते. नात्सुमे वही उघडतो, समोरच्या योकाईचा चेहरा मनात आणतो, पाने आपोआप फडफडत उलटत जातात आणि नेमके एक पान ताठ उभे राहते. तो ते फाडून दातांत धरतो, दोन्ही तळहात एकमेकांवर मारतो आणि श्वास सोडतो. कागदावरची शाई सुटून हवेत तरंगत पुढच्याच्या कपाळात जाते. आणि त्याच क्षणी त्या योकाईच्या मनातली रेइको नात्सुमेला दिसते: झाडाखाली बसलेली, हसणारी, कोणाची तरी वाट पाहायला सांगून पुन्हा न आलेली. ज्या आजीला त्याने कधी पाहिले नाही, ती त्याला अशी एकेका नावागणिक, दुसऱ्याच्या आठवणीतून थोडी थोडी कळत जाते. हे दृश्य मालिकेत कितीतरी वेळा येते आणि तरी प्रत्येक वेळी माझा हात चहाच्या कपावर थांबतो. याच्याकडे मी पत्राच्या शेवटी पुन्हा येणार आहे.

तुमच्या नणंदेची भीती भुताची आहे, म्हणून योकाईविषयी थोडे सांगते. मेलेल्या माणसाच्या भुताला जपानीत वेगळा शब्द आहे, युरेई. योकाई त्याहून पुष्कळ मोठे कुटुंब आहे: नदीनाल्यातले, डोंगरातले, जुन्या भांड्याकुंड्यांत जीव येऊन झालेले, कुठल्याशा ओसाड देवळीत राहणारे. तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकाराने १७७६ साली त्यांच्या चित्रांचे पुस्तकच काढले होते, इतकी ही परंपरा तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे. तुमच्याकडे गावाच्या राखणदाराला वर्षाची राखण दिली जाते, त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या शेजाऱ्यांशी मान राखून वागायचे असते ही कल्पना तुम्हाला परकी वाटणार नाही. नात्सुमेलाही एक राखणदार मिळतो. देवळीभोवती बांधलेला पेंढ्याचा पवित्र दोर त्याच्या हातून चुकून तुटतो आणि दुकानात भरभराटीसाठी ठेवतात तशा मांजराच्या मूर्तीत कोंडलेला मादारा नावाचा योकाई सुटतो. तुझे रक्षण करीन, पण तू मेलास की वही माझी, असा करार करून तो गुटगुटीत मांजराच्या रूपात घरात राहू लागतो. नात्सुमे त्याला न्यान्को-सेन्सेई म्हणतो, म्हणजे मनीगुरुजी. मुलाच्या दप्तरावर किंवा वहीच्या मागच्या पानावर मोठ्या डोक्याच्या मांजराचे चित्र आढळले, तर ते याचे समजा.

मालिकेत भीतिदायक प्रसंग नाहीत असे मी म्हणणार नाही. योकाईंना बांधून राबवणाऱ्या मातोबा घराण्याचे भाग चांगलेच अंगावर येतात. परंतु बहुतेक भागांचा स्वभाव वेगळा आहे. पहिल्या पर्वाचा दुसरा भाग घ्या. रस्त्याकडेच्या एका लहानशा देवळीत एक योकाई राहतो. फार पूर्वी कोणीतरी तिथे हात जोडून पावसासाठी मागणे मागितले, योगायोगाने दुसऱ्या दिवशी पाऊस पडला आणि लोक त्याला देव मानू लागले. लोकांची श्रद्धा वाढली तसा तो मोठा झाला आणि लोक यायचे थांबले तसा लहान होत होत मुठीएवढा उरला. आता हाना नावाची एकच वृद्ध बाई येऊन फळ ठेवून जाते. ती गेली की तोही संपणार, हे त्याला माहीत आहे. नात्सुमे म्हणतो, मी येत जाईन, मी हात जोडीन. तो नको म्हणतो, कारण नात्सुमे त्याचा मित्र आहे आणि मित्राने भक्त होऊन चालत नाही. हे पाहून कुठल्या मुलाच्या डोक्यात अंधश्रद्धा शिरेल? उलट, आपल्यामागे आपली आठवण ठेवणारे एक माणूस उरले तर त्याचे मोल काय असते, हे त्याला त्यात दिसत असेल. ज्या मुलाने एवढ्या लहान वयात दोन माणसे गमावली, त्याला हा प्रश्न तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त जवळचा आहे.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मला सगळ्यात जास्त थांबवले, त्याविषयी लिहिते. ते वाक्य वहीचे नाही आणि भुताचेही नाही. 'मुलगा गुणी आहे. कधी त्रास देत नाही, काही मागत नाही, वाढू ते खातो आणि स्वतःचे ताट स्वतः घासतो.' तुम्ही हे कौतुकाने लिहिले आहे आणि त्यात तुमचा काही दोष नाही. परंतु नात्सुमे नेमका असाच वागतो, आणि का वागतो हे मालिका हळूहळू उलगडत नेते. घरोघर फिरलेल्या मुलाला एक गोष्ट पक्की कळलेली असते, की आपण जड झालो तर पुढचे घर शोधावे लागेल. म्हणून तो हसतमुख राहतो, दुखले तरी सांगत नाही, रात्री योकाईने गळा आवळला तरी सकाळी जेवणाच्या टेबलावर गोड हसून बसतो. ज्या दोघांनी त्याला मायेने जवळ केले, त्यांच्यापासूनच तो सगळ्यात जास्त लपवतो, कारण ते त्याला सगळ्यात जास्त हवे आहेत. चौदा वर्षांचा मुलगा सव्वा वर्षात एकदाही भाजी आवडली नाही असे म्हणत नसेल, तर त्याला तुमच्या हातची सगळी पालेभाजी आवडत असेल असे मला वाटत नाही. तो अजून पाहुणा म्हणून राहतो आहे.

आणि त्याला पाहुणा राहायचे नाही, हे सांगणारी खूण तुमच्याच हातात आली होती. शेवटून दुसऱ्या पानावर तुमचे नाव आहे. त्यावरून फार मोठे अर्थ काढू नका आणि त्याला त्याचा अर्थ विचारू तर मुळीच नका. परंतु त्या वहीत कोणाची नावे येतात, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

तोकोबाई काय करतात, हे मी बारकाईने पाहिले आहे, कारण मलाही मुले वाढवायची होती. त्यांना योकाई दिसत नाहीत, नात्सुमेचे गुपित त्यांना माहीत नाही आणि त्या ते उकरूनही काढत नाहीत. तो चिखलाने माखून, ओरखडे घेऊन घरी आला तर त्या घाबरतात, औषध लावतात, गरम पाणी काढून देतात. त्याने उचलून आणलेल्या त्या विचित्र मांजराला घरात ठेवून घेतात. आणि रोज दाराशी त्याच्याशी चार शब्द बोलतात. जपानी घरांत बाहेर पडणारा म्हणतो 'इत्तेकिमासु', ज्याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येतो' असाच आहे, आणि घरात राहणारा म्हणतो 'इत्तेराश्शाई', म्हणजे जाऊन ये. परत आला की तो म्हणतो 'तादाइमा', आलो, आणि आतून उत्तर येते 'ओकाएरी', आलास, ये. आपल्याकडेही घरातून निघताना 'जातो' म्हणू देत नाहीत, 'येतो' म्हणायला लावतात. लहानपणी आजीने मला त्यासाठी उंबऱ्यातून परत बोलावलेले आठवते. नात्सुमेला सुरुवातीला ही वाक्ये उच्चारताना अवघड वाटते, कारण ज्याला परत यायला हक्काचे घर आहे त्यानेच ती म्हणायची असतात. तुमचा पुतण्या सकाळी शाळेत निघताना काय म्हणतो आणि त्याला आतून उत्तर जाते का, याकडे आठवडाभर लक्ष द्या. चुलीपाशी कामात असलात तरी हातातले टाकून दारापर्यंत या. हे करायला मालिकेचे नावही काढावे लागणार नाही आणि त्याला ते कळल्यावाचूनही राहणार नाही.

मग एखाद्या संध्याकाळी त्याला म्हणा, मला दाखव तरी काय आहे ते, मला पहिल्या भागापासून पाहायचे आहे. एक भाग साधारण २४ मिनिटांचा असतो आणि बहुतेक भागांत एक गोष्ट पुरी होते, त्यामुळे रोज जेवणानंतर एक, याहून जास्त वेळ लागणार नाही. संवाद जपानीत आणि खालची अक्षरे इंग्रजीत असतील, ती तुम्हाला भराभर वाचता येणार नाहीत, आणि तेच बरे आहे. तो कोण, ती कोण, आता हा काय म्हणाला, असे विचारत राहा आणि त्याला मालवणीत किंवा मराठीत सांगू द्या. सव्वा वर्षात त्याने तुमच्याशी जितके शब्द बोलले नसतील, तितके एका आठवड्यात बोलेल असा माझा अदमास आहे. पहिले दोन भाग ओळीने पाहा. सहाव्या भागात धरणाखाली बुडालेल्या आणि दुष्काळात पुन्हा वर आलेल्या गावाची गोष्ट आहे. घरट्यातून पडलेल्या एका चिमणपाखराला ज्या माणसाने सांभाळले, त्याला फक्त एकदा भेटता यावे म्हणून ते पाखरू योकाई होऊन तळमळत असते. तो भाग पाहताना तुमच्या डोळ्यांत पाणी आले तर ते त्याच्यापासून लपवू नका. पाचव्या पर्वात 'तोको आणि शिगेरू' याच नावाचा, त्या दोघांवरच बेतलेला एक भाग आहे. तिथवर पोहोचायला तुम्हाला दोन महिने लागतील. घाई करून तो आधी पाहू नका, कारण आधीची ओळख झाल्यावाचून त्यातले काही मनाला भिडणार नाही.

पाहताना एक पथ्य मात्र पाळा. पडद्यावर नात्सुमेला वडिलांची आठवण येते आहे, म्हणून मान वळवून 'तुलापण येते का रे?' असे विचारू नका. 'मी त्या बाईसारखी आहे का?' हे तर चुकूनही नको. गोष्टीच्या आडोशाला बसून तो स्वतःचे दुःख पाहतो आहे; आडोसा आपण काढून घेतला की तो उठून जाईल. नात्सुमेला तानुमा नावाचा एक मित्र आहे, देवळाच्या पुजाऱ्याचा मुलगा. त्याला योकाई नीट दिसत नाहीत, कधी सावली दिसते, कधी डोके दुखते, एवढेच. तो नात्सुमेला कधीही 'मला सगळे सांग' म्हणत नाही. तो जवळ राहतो, आणि नात्सुमे स्वतः काही सांगू लागला की त्यावर विश्वास ठेवतो. तुम्हाला एवढे करता आले तर पुष्कळ झाले.

तीच मालिका पुन्हा पुन्हा पाहण्याबद्दल तुम्ही काळजी केली आहे. मला त्यात आजाराचे लक्षण दिसत नाही. ज्या मुलाचे घर तीनदा अचानक बदलले, त्याला पुढे काय होणार हे आधीपासून माहीत असलेली गोष्ट हवीशी वाटावी, हे साहजिक आहे. या गोष्टीत तोकोबाई प्रत्येक भागात घरीच असतात.

रात्रीच्या मोबाइलचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात तुमच्या यजमानांचे अर्धे बरोबर आहे. वाढत्या वयात झोप हवी, त्यामुळे रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाइल, तुमचे आणि यजमानांचेही, माजघरात एका जागी ठेवायचे असा नियम करा. नियम सगळ्यांना सारखा असला की ती शिक्षा राहत नाही. केवळ त्याचाच मोबाइल काढून घेतलात, तर ज्या एका घरात तो रोज रात्री निर्धास्तपणे जात होता, त्याचे दार तुम्ही लावून घेतले असे होईल.

मुंबईहून तो तुमच्या गावी आला तसाच नात्सुमेही डोंगर, भातशेते आणि नदी असलेल्या गावी येतो. ते गाव कथेपुरते असले तरी त्यातली दृश्ये क्युशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातल्या हितोयोशी या गावावरून घेतलेली आहेत, आणि लेखिका मिदोरिकावाही कुमामोतोच्याच. तिथल्या कुमा नदीला जुलै २०२० मध्ये मोठा पूर येऊन हितोयोशीचे अतोनात नुकसान झाले होते. पुढे कधी बोलणे निघाले तर नकाशावर हे गाव त्याच्याकडूनच शोधून घ्या. पुराचे पाणी अंगणापर्यंत येणे म्हणजे काय, हे त्याला सांगायला तुमच्याजवळ नक्कीच काही असेल.

एवढे सगळे लिहून झाल्यावर एक सावधगिरीची गोष्ट लिहायला हवी. मी सदर लिहिते, डॉक्टर नाही. त्याचे खाणे सुटले, आठवडेच्या आठवडे झोप लागेना, शाळेत जाईना, अंगावर जखमा करून घेतल्यासारख्या दिसल्या, मरणाविषयी किंवा बाबांकडे जाण्याविषयी बोलू लागला, अथवा मालिका बंद असतानाही आवाज ऐकू येतात असे सांगू लागला, तर एक दिवसही न दवडता जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात त्याला घेऊन जा. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालते आणि मराठीतही बोलता येते. त्याच्यासाठी नाही तर निदान स्वतःच्या मनाची घालमेल बोलून दाखवण्यासाठी तुम्ही तिथे आजही फोन करू शकता. तुमच्या पत्रावरून मला यातले कोणतेही लक्षण दिसलेले नाही.

राहता राहिली वही. ती गादीखाली ठेवा आणि त्याला सरळ सांगा: 'गादी उन्हात टाकताना तुझी वही दिसली, मी पाने उलटली, विचारायला हवे होते, चुकले माझे. पुन्हा हात लावणार नाही.' यापुढे एक अक्षर बोलू नका. त्याच्यापासून काही लपवले जात नाही, हे त्याला कळू द्या. लपवणे म्हणजे काय ते त्याला चांगले ठाऊक आहे.

त्यातले वडिलांचे पान मात्र तुमच्या यजमानांकडे बघते आहे, आणि हे त्यांना तुम्हीच सांगायला हवे. नात्सुमेला त्याची आजी कळली ती ज्यांनी तिला पाहिले होते त्यांच्याकडून. तुमच्या पुतण्याने वडिलांना पाहिले ते आयुष्याची थोडी वर्षे, तीही शेवटी इस्पितळाच्या धास्तीत. त्याचे वडील सात वर्षांचे असताना कसे होते, कोणत्या झाडावरून पडले, कोणाच्या बागेतले काजू चोरले, कशाला घाबरत, हे आज या जगात ज्यांना पुरते माहीत आहे ते तुमचे यजमान आहेत, आणि ते मुलाच्या मायेपोटी गप्प आहेत. मुलाला त्या गप्प बसण्याचा अर्थ असा लागला असेल की बाबांचे नाव या घरात काढायचे नसते, म्हणून त्याने ते वहीत लिहून गादीखाली ठेवले. काकांना एकदम बसून बोलायला सांगू नका, त्यांना ते जमणार नाही. ज्यांचा पाठचा भाऊ गेला, त्यांचाही घसा भरून येणारच. पाऊस उघडला की एखाद्या रविवारी सकाळी त्यांना ती पडवीतली गळाची काठी खाली काढायला सांगा. दोरी कुजली असेल, ती बदलावी लागेल, गळ घासावा लागेल, आणि त्या कामाला दुसरे दोन हात लागतील. मुलाला हाक मारा आणि तुम्ही आत जाऊन चहा ठेवा.

तुमची,
सदरलेखिका